मुंबईहून किसुमूला: नवीन मिशनरीने परदेशातलं पहिलं वर्ष कसं काढायचं

मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीतलं एक तरुण जोडपं मला गेटपाशी भेटलं, दोघं लवकरच केनियाला निघालेत, आणि त्यांचा पहिला प्रश्न काय, तर ताई, कुकर न्यायचा का. मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर आम्ही भांडुपहून निघालो तेव्हा माझाही पहिला प्रश्न हाच होता. मी आणि माझे मिस्टर चार वर्षं किसुमूत होतो, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरचं शहर, ते शाळेत शिकवायचे आणि मी बायकांच्या मंडळात असायचे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला वचन कसं सांगायचं ते भरपूर शिकवलं होतं, पण दूध कुठून आणायचं, दारात आलेल्या माणसाला किती वेळ बसवायचं, कुणी पैसे मागितले तर काय बोलायचं हे कुणीच सांगितलं नाही. म्हणून हे लिहितेय. उदाहरणं केनियाची आहेत कारण मला तेच माहितीये, दुसऱ्या देशात जाणाऱ्यांनी आपापलं जुळवून घ्या.

कुकर न्या. त्याबद्दल पुढे सांगते, आधी कागद.

निघण्याआधीचे कागद

टुरिस्ट म्हणून जाऊ आणि तिथे गेल्यावर बघू, हे डोक्यातून काढून टाका. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ई-टीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, आणलाय, घरी बसून ऑनलाइन भरता येतो, आणि इतका सोपा आहे म्हणूनच लोक फसतात. त्याच्यावर फिरता येतं, पाहुणचार घेता येतो, पण मिशनचं काम करता येत नाही, मग तुम्हाला पगार मिळो नाहीतर न मिळो. कामासाठी क्लास आय परमिट लागतं, म्हणजे धार्मिक आणि धर्मादाय कामासाठीचं परमिट, आणि त्याच्या मागे तिथली रजिस्टर झालेली मंडळी किंवा संस्था उभी असावी लागते. त्यामुळे तिकीट बघण्याआधी बोलावणाऱ्या लोकांना स्पष्ट विचारा की तुमचं रजिस्ट्रेशन कुणाच्या नावावर आहे आणि आमचा अर्ज कोण भरणार. हे विचारायला संकोच वाटतो, आपले विश्वासातले भाऊ-बहिणी आहेत, त्यांना कागद कसे मागायचे, पण मागा. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर तिथे फॉरेनर सर्टिफिकेटही काढावं लागतं, सगळे त्याला एलियन कार्ड म्हणतात, नाव ऐकून माझी मुलगी दोन दिवस हसत होती.

इथून न्यायचं ते म्हणजे पासपोर्ट ऑफिसमधून पोलीस क्लिअरन्स, शिक्षणाची ओरिजिनल सर्टिफिकेटं, लग्नाचं सर्टिफिकेट आणि मुलांचे जन्मदाखले. सगळ्यांचे स्कॅन मेलमध्ये ठेवा आणि एक सेट इथे भावाकडे किंवा बहिणीकडे.

यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, त्याआधी घेतली नाही तर सर्टिफिकेट लागू होत नाही. मुंबईत पोर्ट हेल्थ आणि एअरपोर्ट हेल्थच्या ऑफिसात मिळते, आधी अपॉइंटमेंट आणि दिवस बघून जा, कुठल्याही दवाखान्यात ही मिळत नाही. ते पिवळं कार्ड २०१६ पासून जन्मभर चालतं. जाताना तुम्ही ते जपून ठेवालच, पण खरं काम त्याचं परत येताना पडतं.

आणि बँक. ही आमची सगळ्यात मोठी चूक. नेहमीच्या सेव्हिंग अकाउंटवर निघून गेलो, मोबाईलचं रिचार्ज संपलं, ओटीपी येईना, एलआयसीचा हप्ता भरता येईना, आणि मिस्टरांचे बाबा भांडुपच्या ब्रँचमध्ये तीन चकरा मारून आले. बराच काळ बाहेर राहायचं असेल तर अकाउंट एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं, करून घ्यावं लागतं, ते निघण्याआधी समोर बसून करा, आणि भारतातलं सिम चालू राहील एवढं रोमिंग घेऊन ठेवा, फोनवर गप्पा मारायला नाही, फक्त ओटीपीसाठी.

बॅगेत काय

कुकर न्या, पण दोन जास्तीच्या रिंगा आणि एक शिट्टी पण न्या. तिथे गिथेरी म्हणून प्रकार असतो, मका आणि राजम्यासारख्या बिया एकत्र शिजवलेला, तो शेगडीवर तासन् तास रटरटत असतो, आणि आमच्या शेजारणीने जेव्हा माझ्याकडे तो अर्ध्या तासात शिजताना बघितला तेव्हापासून आमचा कुकर आळीचा कुकर झाला. आमची निम्मी ओळख तिथे कुकरने करून दिली असं म्हटलं तरी चालेल.

मसाल्याने बॅग भरू नका. किसुमूत शंभर वर्षांहून जुनी भारतीय वस्ती आहे, रेल्वे १९०१ मध्ये तिथपर्यंत पोचली आणि तिच्या मागोमाग दुकानदार आले, त्यामुळे हळद, जिरं, डाळी, बासमती सगळं मिळतं. मिळत नाही ते आपलं, म्हणजे गोडा मसाला, कोकम, आणि ईस्ट इंडियन शेजारीण असेल तर तिने दिलेला बॉटल मसाला. तेवढं न्या. सुके बोंबील मात्र राहू द्या, एकतर बॅग उघडल्यावर अधिकारी तोंड फिरवेल, आणि दुसरं म्हणजे तिथे ओमेना मिळतो, सरोवरातली बोटाएवढी सुकवलेली मासळी, आपल्या सुकटीसारखी कांद्यावर परतली की डोळ्यांत पाणी येतं.

प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा अजिबात नको. ऑगस्ट २०१७ पासून तिकडे त्यांच्यावर कडक बंदी आहे, आपल्याकडे बंदी असूनही भाजीवाला देतो तसं तिकडे नाही. आपल्या आया चपलासुद्धा पिशवीत गुंडाळून देतात, त्या एअरपोर्टला जायच्या आधी काढा, कापडी पिशव्या वापरा. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा, करंट आपल्यासारखाच, म्हणून फक्त अडॅप्टर लागतो.

घड्याळ आणि भाषा

पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच ही गोष्ट समजून घ्या, नाहीतर माझ्यासारखी फजिती होईल. स्वाहिलीत, म्हणजे केनियाभर बोलतात त्या भाषेत, दिवस सकाळी उजाडल्यावर सुरू होतो, म्हणजे आपले सकाळचे सात वाजले की त्यांची ‘सा मोजा’, पहिला तास. बायकांची प्रार्थनासभा ‘सा तातू’ला आहे असा निरोप आला, तातू म्हणजे तीन, मी दुपारी तीनला साडी नेसून हजर, आणि चर्चमध्ये फक्त झाडू मारणारा मुलगा. सभा सकाळी नऊला झाली होती. युक्ती अशी की घड्याळात काटा जिथे असतो त्याच्या बरोब्बर समोरचा आकडा म्हणायचा, तीन म्हटलं की नऊ, बारा म्हटलं की सहा. इंग्रजीत बोलताना तीच माणसं नेहमीची वेळ सांगतात, त्यामुळे निरोप कुठल्या भाषेत आलाय ते आधी बघा.

स्वाहिली मराठी माणसाला वाटते तेवढी परकी नाही. साबणाला साबुनी, हिशोबाला हेसाबू, तयारला तयारी, गाडीला गारी, दुकानाला दुका, लाखाला लाकी, बर्फाला बाराफू, आणि प्रेताला चक्क माइती, म्हणजे आपलं मयत. काही अरबी-फारसीतून दोघांकडे आले, काही सरळ आपल्याकडून समुद्रावरून गेले. पहिल्या महिन्यात मी वहीत असे शब्द लिहीत होते आणि साठ-सत्तर सहज झाले, खूप धीर आला. पण नात्याचे शब्द जपून! तिथे दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई. मंडळीत मिस्टरांची ओळख ‘काका’ म्हणून करून दिली तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते, त्यांचा चेहरा पडला, आणि मला सगळे ‘दादा’ म्हणायला लागल्यावर त्यांचं समाधान झालं. मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव मागे पडतं, मुलाच्या नावाने हाक मारतात, मामा अमुक, मामा तमुक. आपल्या गावाकडे ‘बाळूची आई’ म्हणतात तसंच.

रोज एक तास भाषेला द्या आणि शिक्षक ठेवा, फुकट शिकवणारा नको, पैसे दिले की तो वेळेवर येतो आणि तुम्ही पण. किसुमूत घराघरांत लुओ भाषा चालते, स्वाहिली आणि इंग्रजीवर काम भागतं, पण सकाळी बाजारात ‘ओयावोरे’ म्हणायचं आणि निघताना ‘एरोकमानो’, म्हणजे थँक्यू, एवढं जरी बोललात तरी टोमॅटोवाली एक टोमॅटो वर टाकते.

मराठी माणसाने हे विसरू नये की आपल्याकडे जे आले त्यांनी आधी हेच केलं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा त्यांना राहू द्यायचं की नाही यावरच कंपनी सरकारशी वाद चालला होता, आणि त्या सगळ्या धबडग्यात ते मराठी शिकत बसले होते.

तुम्ही ‘मुहिंदी’ आहात

ह्या भागावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण ह्याची तयारी आमची शून्य होती. गोऱ्या मिशनऱ्याला तिथे ‘मझुंगू’ म्हणतात आणि त्याच्याकडून लोकांची एक अपेक्षा ठरलेली असते. तुम्ही मुहिंदी, म्हणजे भारतीय, आणि मुहिंदी म्हणजे लोकांच्या डोक्यात दुकानाचा मालक, हार्डवेअरवाला, गल्ल्यावर बसलेला. मिशनरी मुहिंदी त्यांनी फारसा बघितलेला नसतो. पहिल्या रविवारी एका म्हाताऱ्या बाईने मला विचारलं की तुम्ही लोक तर गाईची पूजा करता ना, मग इथे कशा. मी म्हटलं आमच्या घरात पाच पिढ्या ख्रिस्ती आहेत, आमचं मूळ नगरकडचं, तर तिला पटेना, कोणी गोऱ्याने तुम्हाला नोकरीला ठेवलंय का असं विचारलं.

ह्याच्यावर चिडायचं नाही, आणि तिथल्या गुजराती दुकानदारांपासून लांब पळून ‘मी त्यांच्यातली नाही’ हे सिद्ध करायला पण जायचं नाही, मी पहिले सहा महिने तेच केलं आणि ती चूक होती. अडचणीला, रात्री ताप आल्यावर, गाडी कोण देतं माहितीये का, तोच दुकानदार. आणि मंडळीतल्या लोकांनाही दिसतं की तुम्ही आपल्याच माणसांशी तुटक वागताय.

नाशिकच्या शरणपूरची गोष्ट मला तिथे फार कामाला आली. गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत आणि शरणपुरात मिशनने वाढवली, शिकवली, आणि १८७० च्या दशकात त्यातले बरेच जण मोंबासाला परत गेले, तिथे १८७५ मध्ये मुक्त झालेल्यांसाठी फ्रीअरटाऊन वसलं, मुंबईचे जुने गव्हर्नर बार्टल फ्रीअर त्यांच्या नावाने. नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारल्यावर, त्याच्या पार्थिवाबरोबर लंडनला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत वेनराइटने पेटीला खांदा दिला. हे मी मंडळीत सांगितलं तेव्हा पाळकसाहेब उठून म्हणाले, म्हणजे तुमच्याकडून आमच्याकडे लोक आधीच आलेले आहेत. त्यानंतर गाईचा विषय निघाला नाही.

दार उघडं आणि चहा तयार

मुंबईत आपल्याला सवय काय, फोन केल्याशिवाय कोणी येत नाही, आणि आलाच तर आपण घड्याळाकडे बघतो कारण ८.१७ ची लोकल डोक्यात असते. किसुमूत माणूस न सांगता येतो, बसतो, बराच वेळ काहीच बोलत नाही, आणि कामाचं शेवटी निघताना दारात सांगतो. पहिले दोन महिने मी आतल्या आत उकळत होते. मग शेजारणीने सांगितलं की तू सारखी उठतेस, म्हणून लोकांना वाटतं तू हाकलतेस. तेव्हापासून थर्मास भरून ठेवायला लागले. चहा आपल्यासारखाच दुधाचा, सोबत मंदाझी, म्हणजे तळलेला गोडसर पाव, आणि कोणाच्या घरी तुम्ही गेलात तर चहाला नाही म्हणू नका, पोट भरलेलं असेल तर अर्धा कप घ्या.

उगाली हाताने खायची, मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा, बोटांनी गोळा करून अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात सुकुमा विकी घ्यायची. त्या पालेभाजीच्या नावाचा अर्थच ‘आठवडा ढकला’ असा आहे, महिनाअखेरीला भांडुपमध्ये आपण पिठलं-भात करतो त्यातलाच प्रकार. तिखट जवळजवळ नसतं, एक मिरचीची पूड पर्समध्ये ठेवली तर कोणी काही म्हणत नाही, पण यजमानीण समोर असताना काढू नका.

अंत्यविधीला जा. कितीही लांब असो, कितीही वेळ लागो. लुओ लोकांत माणसाला त्याच्या गावच्या घरी पुरतात, बहुतेक शनिवारी, आणि भाषणं दिवसभर चालतात. तुम्हाला बोलायला काही नसेल तर ‘पोले’ म्हणायचं, म्हणजे वाईट वाटलं, आणि बसून राहायचं. चार वर्षांत मी दिलेलं एकही शास्त्रपठण कोणाला आठवत नसेल, पण कोणाच्या मयताला आलो होतो ते नावानिशी आठवतं.

पैसे

तिथे सगळं एम-पेसावर, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायच्या सोयीवर, २००७ पासून, म्हणजे आपल्याकडे यूपीआय यायच्या कितीतरी आधीपासून भाजीवाला फोनवर पैसे घेतोय. पोचल्या दिवशी पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि एम-पेसा चालू करा. पाठवताना नंबरसोबत नाव येतं ते वाचूनच पिन टाका, आणि ‘चुकून तुमच्याकडे पैसे आले, परत पाठवा’ असा मेसेज आला तर आधी स्वतःचा बॅलन्स बघा, तो फसवणुकीचा जुना धंदा आहे.

आता कठीण भाग. पैसे मागायला लोक येणार. शाळा तिकडे जानेवारीत सुरू होतात, त्यामुळे नाताळ संपला की फीसाठी रांग, बाकी वर्षभर औषध, भाडं, मयताचा खर्च. पहिल्या जानेवारीत आम्ही सगळ्यांना थोडं थोडं दिलं, फेब्रुवारीत आमच्याच घरभाड्याला पैसे नव्हते, आणि वर ज्यांना कमी मिळालं ते नाराज. त्यानंतर मंडळीच्या वडीलजनांबरोबर बसून ठरवलं की महिन्याला अमुक रक्कम आम्ही मदतीच्या पेटीत टाकू आणि कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा, तुम्हाला घरं माहितीयेत. दारात आलेल्याला चहा, आणि अमुक वडीलजनांकडे जा म्हणून नाव सांगायचं. उधार कधीच देऊ नका. द्यायचं तर देऊन टाका, कारण उधार घेतलेला माणूस चर्चला यायचा बंद होतो.

ताप आणि पाणी

नैरोबी उंचावर आहे, तिथे मलेरियाचा त्रास कमी, पण किसुमू सरोवराकाठी आहे, तिथे मच्छरदाणीशिवाय एक रात्रही झोपू नका. आम्ही मुंबईकर स्वतःला मच्छरांचे पीएचडी समजतो, कॉइल लावली की झालं. नाही झालं. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा, क्रोसिन घेऊन उद्या बघू असं करायचं नाही, आणि प्रतिबंधक गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरशी बोला, विशेषतः लहान मूल असेल किंवा दिवस गेले असतील तर. सरोवर कितीही सुंदर दिसलं तरी पाण्यात पाय घालू नका, बिल्हार्झिया नावाचा रोग पाण्यातल्या गोगलगायींमुळे पसरतो आणि त्याचा जंतू कातडीतून आत जातो. पाणी उकळूनच प्या. वर ज्या गॉर्डन हॉलबद्दल लिहिलं ते १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने गेले, तेव्हा लोकांना उपाय माहीत नव्हता, आपल्याला माहितीये.

मोटरसायकल टॅक्सीला बोडा-बोडा म्हणतात, बऱ्याच आपल्या बजाज बॉक्सरच असतात, बघून माया येते. हेल्मेट मागा, नसेल तर दुसरी थांबवा. नाहीतर टुकटुक, म्हणजे आपली रिक्षाच.

चर्चमध्ये

आत शिरताच कोणीतरी ‘ब्वाना असिफिवे’ म्हणेल, प्रभूची स्तुती असो, त्याला ‘आमेन’ म्हणायचं. उपासना तीन तास सहज चालते. पाहुण्याला उभं करून दोन शब्द बोलायला लावतात, ते खरंच दोन ठेवा. माझं स्पष्ट मत आहे की पहिले सहा महिने उपदेश करूच नये, बोलावलं तरी, मुलांच्या वर्गात मागे बसा, सतरंज्या घाला, भांडी घासा. आमच्याआधी आलेल्या एकाने दुसऱ्याच रविवारी पाऊण तास उपदेश केला, आपल्याकडच्या गोष्टी सांगून, लोक आदराने ऐकत होते आणि त्यातलं कोणाला काही कळलं नाही. चुगली म्हणून नाही सांगत, मिस्टरांनीही तिसऱ्या रविवारी तेच केलं.

चौथा महिना

पहिले तीन महिने सगळं नवीन, सगळं गोड. चौथ्यात उतार लागतो. वीज गेली की रडू येतं, कोंबड्याच्या आरवण्याचा राग येतो, आणि नवरा-बायको फालतू गोष्टीवरून भांडतात, आमचं एकदा चहात आलं घालायचं की नाही यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये ह्यावर लिहिलंय, कल्चर शॉक हा शब्द त्याच्यामुळेच रुळला, आणि त्याचं म्हणणं साधारण असं की रोजच्या जगण्यातल्या बारीकसारीक खुणा अचानक हरवतात म्हणून माणूस घाबराघुबरा होतो. हात कधी मिळवायचा, कधी हसायचं, नाही कसं म्हणायचं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं मी विश्वासात कमी पडले नाहीये, मला फक्त खुणा सापडत नाहीयेत. प्रार्थना करा, पण झोपही पुरी घ्या, आठवड्यातून एक दिवस दार लावून मराठीत बोला, मराठीत गाणी म्हणा, वरण-भात करा. आणि लागलीच मुंबईला फोन करून परत येतो असं सांगू नका, निर्णय आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत लांबवा.

मुंबईशी बोलणं

केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तुमचे संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा आई साडेदहाला पेंगत असते, त्यामुळे आठवड्याची वेळ ठरवा, रोज नाही, रोज बोललं की तुम्ही तिथेही नसता आणि इथेही नसता. मंडळीला महिन्याला एक पत्र पाठवा, अर्धं पान. आपल्याकडच्या मावश्या पाकिटात पाचशे रुपये घालून देतात आणि वर्षभर तुमच्या नावाने गुडघे टेकतात, त्यांना खर्चाचा हिशोब आणि चार खऱ्या गोष्टी द्या, फसलेल्या पण. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. फाटक्या कपड्यातल्या मुलाचा फोटो पाठवला की देणगी वाढते हे मला माहितीये, आम्ही एकदा पाठवला, आणि त्या मुलाच्या आईने तो कोणाच्या तरी फोनवर बघितला. ती मला काही बोलली नाही, फक्त पुढचे दोन महिने चहाला आली नाही.

सुट्टीवर येताना एवढं करा, पिवळं कार्ड हातातल्या पर्समध्ये ठेवा. केनियाहून येणाऱ्याकडे ते मुंबई एअरपोर्टवर मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. मिस्टरांनी ते चेक-इन बॅगेत टाकलं होतं, बॅग पट्ट्यावर, आणि आम्ही काउंटरच्या अलीकडे, बाहेर सासूबाई डब्यात पुरणपोळ्या घेऊन उभ्या. शेवटी माझ्या मोबाईलमधला स्कॅन दाखवून, गयावया करून सुटलो, पण पोळ्या गार झाल्या होत्या.